एका दाराचं कपाट

बेबीने कोट ओढला तशी हँगरची मान दांडीवर आपटली आणि उरलेले सगळे हँगर खडखडले. कोटाकडे तिने पाहिलंही नाही. मागे पलंगावर ढीग साचला होता, त्यावर तो भिरकावला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. तीन दारांचं कपाट भिंतभर पसरलेलं. त्यातलं एक दार सकाळी दहापर्यंत रिकामं झालं होतं आणि दुसरं अर्ध्यावर आलं होतं.

दारावरची घंटा वाजली. जुने कपडे नेणाऱ्या संस्थेची गाडी बाराला येणार होती. लोकांना वेळ म्हणून कळत नाही, असं पुटपुटत तिने दार उघडलं, तर समोर ताई.

"वाट अडवून उभी राहणार आहेस का?" ताई म्हणाली.

"तू कशी आलीस?"

"पायांनी."

ताई तिला बाजूला सारून आत आली. एरवी ती झिजलेल्या चपला घालून यायची. आज पायात बूट होते, काळे, नुकतेच पॉलिश केलेले. काखेत एक प्लास्टिकची फाइल होती. ती तिने टेबलावर पालथी ठेवली आणि वर आपली पिशवी ठेवली.

ताई सात वर्षांनी मोठी. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली तिचं शिवणाचं दुकान. एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसरीने बाहेर उभं राहायचं. धाकटी शिकली, विमा कंपनीत लागली, तिथे बावीस वर्षं काढली, दावे विभागाची प्रमुख झाली, अकराव्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसायला लागली. शंभर माणसं तिला मॅडम म्हणत. ताईच्या तोंडी मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षीही ती बेबीच होती.

गेल्या वर्षी ती कंपनी एका मोठ्या कंपनीने गिळली. विभाग दुसऱ्या शहरात गेला, काचेची खोली गेली, मॅडमही गेल्या. तीन महिने बेबी घरात बसून भिंतींशी भांडली आणि मग तिने असं काही केलं की ओळखीपाळखीचे सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंबरोबर तिने गावाबाहेर कुत्र्यांसाठी पाळणाघर काढलं. लोक परगावी जाताना आपली कुत्री तिथे सोडून जात. बारा खोल्या, तारेच्या कुंपणाचं अंगण, आणि वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या. रविवारी ती आणि तिचा नवरा तिथे राहायला जाणार होते. वरच्या त्या खोलीत कपाट होतं, पण एका दाराचं. बेबीने हिशेब पक्का केला होता: चार जाड पँटी, सहा अर्ध्या बाह्यांचे शर्ट, दोन स्वेटर, एक रेनकोट, रबरी बूट. एक चांगला ड्रेस कुणाच्या आनंदाला आणि एक कुणाच्या दुःखाला. बास. बाकीचं आयुष्य पोत्यात.

"तुझ्या नवऱ्याचा फोन होता," ताई म्हणाली. "म्हणाला, ताई, तुम्ही शिवलेलं सगळं घराबाहेर चाललंय. एकदा नजरेखालून तरी घाला."

"त्याला नसते उद्योग."

"त्याला निदान जनाची तरी आहे."

"चहा घेणार?"

"नको."

ताई सरळ झोपायच्या खोलीत गेली. ढिगासमोर उभी राहिली. हात लावला नाही. एका कोटाची बाही पलंगावरून खाली लोंबत होती, दुसऱ्याची कॉलर उलटी मुडपली होती, आणि एका पांढऱ्या शर्टावर बेबीचे धुळीचे बूट होते.

"धुवायला टाकलेले कपडे याच्यापेक्षा बरे दिसतात," ताई म्हणाली.

बेबीने बूट उचलून खाली टाकले. "द्यायचेच आहेत."

"सगळे?"

"मग काय, कोट घालून कुत्र्यांना अंघोळ घालू?"

"माणसांसमोर घातलेस ना इतकी वर्षं. त्यांचं जळलेलं घर, बुडालेलं दुकान, सगळ्यांना तोंडावर नाही म्हणालीस. तेव्हा बरा लागायचा कोट."

"ते काम होतं माझं."

"आणि हे माझं होतं." ताईने ढिगाकडे हनुवटीने दाखवलं.

बेबीने दुसऱ्या दारात हात घातला आणि चार हँगर एकदमच काढले. तिला हे भांडण नको होतं, असं नाही. आठवडाभर ती जो येईल त्याच्याशी भांडतच होती. दूधवाल्याशी, सामान हलवणाऱ्या माणसाशी, नवऱ्याशी तर चहाच्या प्रत्येक कपाला. पण ताईशी भांडायचं तर जपून भांडावं लागे. ताई उसवायला बसली की धागा कुठे जाऊन थांबेल सांगता येत नसे.

"परवा एका कुत्र्याने पँट फाडली," ती म्हणाली. "नखं लागतात, लाळ गळते, केस चिकटतात. मला आता उकळत्या पाण्यात टाकले तरी तक्रार करणार नाहीत असे कपडे पाहिजेत."

"म्हणजे पायपुसणी."

"हो, पायपुसणी. मी खूष आहे त्यात."

"दिसतंय की. खुशीने तोंड कसं फुललंय."

ताईने खुर्ची ओढली, ढिगाजवळ बसली आणि वरचा कोट मांडीवर घेतला. तिची बोटं खांद्याच्या शिवणीवरून एकदा फिरली. मग तिने विचारलं, "तो राखाडी कुठाय?"

"कुठला राखाडी?"

"एकच आहे. तीन गुंड्यांचा."

"असेल खाली कुठेतरी."

बेबीने हे जितक्या सहज म्हणायला हवं होतं तितक्या सहज म्हटलं नाही. राखाडी कोट ढिगाच्या तळाशी होता आणि तिनेच तो सकाळी सगळ्यात आधी तिथे घातला होता, त्याच्यासारख्या आणखी तिघांबरोबर. बावीस वर्षं खोटे दावे हुडकण्यात गेलेली ती बाई. खोटं कुठे लपवतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. प्रमुख झाली त्या वर्षी ताईने तिला पहिला कोट शिवून दिला, गडद निळा. तो घालून ती पहिल्या मोठ्या बैठकीला गेली आणि संचालकांच्या शेजारी बसणाऱ्या एका बाईने कापड चिमटीत धरून विचारलं, कुठून घेतलास गं? बेबीच्या तोंडून शहरातल्या सगळ्यात महागड्या दुकानाचं नाव निघून गेलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण अकराव्या मजल्यावर कोट खुंटीला टांगायचे असत, कॉलर उघडी ठेवून, आणि मानेशी दुकानाच्या नावाची पट्टी आहे की नाही ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. दोन दिवसांनी बेबीने त्या दुकानातून एक स्वस्तातला ब्लाउज आणला, त्याच्या मानेवरची पट्टी उसवली आणि न्हाणीघरात कडी लावून, कमोडच्या झाकणावर बसून, ती निळ्या कोटाला शिवली. मग राखाडीला. मग आणखी दोघांना. शिवण तिला कधीच येत नव्हती.

ताई कोटाची घडी घालायला लागली.

"राहू दे," बेबी म्हणाली. "पोत्यातच जाणार आहेत."

"चुरगळून देऊ नये. घेणाऱ्याला वाटतं, आपल्याला टाकलेलं दिलं."

"टाकलेलंच आहे."

"ते तुझ्याकडून. त्याच्यासाठी नवं आहे."

कोटाची घडी घालायची ताईची रीत वेगळी होती. एक खांदा उलटा करायचा, दुसरा त्याच्यात बसवायचा, म्हणजे बाहेर अस्तर येतं आणि कापडाला सुरकुती पडत नाही. एक झाला, दोन झाले. ढीग बसत चालला. बेबी कपाटात तोंड घालून उभी होती, पण तिचे कान पाठीला होते.

"सापडला," ताई म्हणाली.

बेबी वळली. राखाडी कोट ताईच्या मांडीवर होता. तिने खांदा उलटा केला. मानेशी ती काळी पट्टी होती, सोनेरी अक्षरांची. ताईने ती पाहिली, कोट बाजूला ठेवला. खालचा निळा घेतला. त्याचाही खांदा उलटा केला.

"ताई, ते ऑफिसात जरा..." बेबी म्हणाली. "तिथली माणसं कशी असतात तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पट्टीचं. नऊ वर्षं झाली." ताई निळ्या कोटाची घडी घालत होती. "राखाडीचं अस्तर बगलेत फाटलं म्हणून आणून टाकलास ना दुकानात? तेव्हाच बघितली. इतकी तिरकी लावली होतीस! सगळा कोट एका रेषेत आणि पट्टी दारू प्यायल्यासारखी. धागा पण काळा सोडून निळा. मी उसवली आणि सरळ लावून दिली. बाकीचे तीन आले तशा त्यांच्याही लावल्या."

गेली नऊ वर्षं खुंटीवर टांगलेले ते कोट बेबीच्या डोळ्यांपुढून गेले. पट्ट्या सरळ होत्या. त्या सरळ कशा, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तुझी हातशिलाई चांगली नाही, असं?"

हे ताई ज्या थंडपणाने म्हणाली त्याने बेबीचं डोकं फिरलं. ताई ओरडली असती, रडली असती, तर बेबीने कदाचित पायही धरले असते. पण पकडला गेलेला माणूस आधी पकडणाऱ्यावर चिडतो. तिच्या टेबलासमोर बसून कितीतरी लोक असे चिडलेले तिने पाहिले होते.

"म्हणजे नऊ वर्षं तू मला मनातल्या मनात हसत होतीस," ती म्हणाली.

"हसण्यासारखं काय होतं त्यात?"

"दर वेळी माप घ्यायच्या निमित्ताने बोलवायचीस, चहा पाजायचीस, आणि मनात म्हणत असशील, या बघा आल्या मॅडम, उसन्या पट्टीच्या!"

"माप मी तुझं कधी घेतलं? माझं आणि तुझं अंग एका साच्यातलं. कोट मी माझ्या अंगावर बेतते, आरशात बघते, तुला देते. बोलवायचे ते तू चार घटका येऊन बसावंस म्हणून."

"मग काय लावायला हवं होतं मी? ताई टेलर्स, जिन्याखाली? अकराव्या मजल्यावर कुणी उभं केलं असतं मला?"

"माझं नाव लाव असं कोण म्हणालं?" ताईचा आवाज आता चढला. "मोकळं सोडायचं होतंस. नुसतं मोकळं! विचारलं कुणी तर म्हणायचं, शिवून घेतला. कुणाकडून ते नाही सांगितलंस तरी चाललं असतं. पण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलंस माझं काम. माझं पोर दुसऱ्याच्या नावाने शाळेत घातलंस!"

"कोट आहेत ते, ताई. पोरं नाहीत."

"तुला नाहीत. तुला कशाचं म्हणजे कशाचंच काही नाही. म्हणून तर पोत्यात भरतेस."

कपाटाच्या खणात कात्री होती. बेबीने ती काढली, दोन पावलांत पलंगाशी आली आणि राखाडी कोट उचलला.

"पट्टीचंच दुखणं आहे ना तुझं? घे. काढते. संपलं."

"बेबी, दे इकडे. तुला जमणार नाही."

"मला काही जमत नाही, माहीत आहे."

"अगं, धागा आतून आहे, दे ती..."

कात्री घुसली. पट्टी निघाली ती एकटी नाही. तिच्यामागे नखाएवढं अस्तर आणि त्याच्याखालचं कापडही निघून आलं. बेबीच्या हातात सोनेरी अक्षरांची चिंधी राहिली. ताईच्या तोंडून एक आवाज निघाला, बोट दारात सापडल्यावर निघतो तसा. तिने कोट हिसकावून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. भोकातून पलीकडची भिंत दिसत होती.

"कुत्र्यांची नखं लागतात म्हणालीस मघाशी," ती म्हणाली.

बेबीने कात्री पलंगावर टाकली. माफ कर म्हणायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते असं: "एवढा काय जीव जातोय! जाणारच होता तो."

बाहेर जाऊन ताईने पिशवीतून सुईदोऱ्याचा डबा आणला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि पाठ करून बसली. आतली दुमड उसवून तिने तिथूनच कापडाचा एक तुकडा काढला, भोकाखाली सरकवला आणि टाके घालायला सुरुवात केली, इतके बारीक की सुई हलतेय की नुसतीच चमकतेय, ते कळू नये. मधूनच ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघे.

बेबी पोती भरत होती. घडी घातलेले नीट, न घातलेले कसेही. खोलीत दोऱ्याचा सरसर आवाज आणि पोत्याची खसखस. पाऊण तास असा गेला. तिसरं दारही रिकामं झालं. दांडीवर नुसते हँगर राहिले.

"आता कशाला शिवत बसलीस?" शेवटी बेबीलाच राहवेना. "गाडी येईल एवढ्यात."

"येऊ दे. हा जाणार नाही. हा मी नेतेय."

"तू?"

"हो."

"तू कुठे घालणार हा?"

वाक्य तोंडातून सुटलं आणि बेबीला ऐकू आलं. ताईने दाताने दोरा तोडला. शिवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. तिच्या गालावर लाली चढली होती. ती रागाची असावी, असं बेबीला वाटलं.

"भांडी घासताना," ताई म्हणाली.

तिने कोटाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि उठली. टेबलावरची फाइल उचलून काखेत घेतली. बेबी दारापर्यंत मागे गेली. काहीतरी म्हणायला हवं होतं. डबा भरून द्यायला घरात काही नव्हतं, आणि चहा तर ताईने आधीच नाकारला होता.

"दुकान उघडायला उशीर झाला असेल तुला," ती म्हणाली.

ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. वळून बघितलं नाही.

"दुकान कुठे पळून चाललंय," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून, पॉलिश केलेले बूट जपून टाकत खाली गेली.

बाराची गाडी साडेबाराला आली. दोन माणसं वर आली, त्यांनी सात पोती उचलली आणि पावतीवर बेबीची सही घेतली. त्यातला एक पोत्याच्या तोंडातून डोकावणाऱ्या कोटाची बाही चाचपत म्हणाला, "बाई, माल एक नंबर आहे. नक्की द्यायचेत ना?" बेबी त्याच्यावर खेकसली. तो बिचारा पुढचं पोतं धावतच खाली घेऊन गेला.

त्यानंतर तिने झाडू घेतला. रिकाम्या कपाटातून धागे निघाले, वाळलेला साबण निघाला, एका मुलाखतीला जाताना हरवलेला कानातला एक डूल निघाला. ती झाडत राहिली आणि ताईशी मनातल्या मनात भांडत राहिली. आता तिला उत्तरं भराभर सुचत होती, एकाहून एक. नऊ वर्षं गप्प बसणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच आहे, हे सगळ्यात चांगलं होतं. ते मघाशी का नाही सुचलं म्हणून तिने झाडूचा दांडा कपाटाच्या दारावर हाणला.

चार वाजता फोन वाजला. ताईचा असेल म्हणून तिने तो तीन वेळा वाजू दिला आणि मग उचलला.

अनोळखी मुलीचा आवाज होता, तरुण आणि शिकवल्यासारखा गोड. "मॅडम, मी तयार कपड्यांच्या कारखान्यातून बोलतेय, भरती विभाग. दोन मिनिटं वेळ आहे का? आमच्याकडे एक बाई मुलाखतीला आल्या आहेत. त्यांनी चौकशीसाठी तुमचं नाव दिलंय."

"कोण बाई?"

मुलीने ताईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. ते कुणी असं उच्चारलेलं बेबीने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे कोणाबद्दल बोलणं चाललंय हे कळायला तिला क्षणभर लागला.

"त्या स्वतः शिवलेला एक राखाडी कोट घालून आल्या आहेत," मुलगी म्हणाली. "आमच्या साहेबांनी तो उलटासुलटा करून बघितला. त्यांना फार आवडला. पण बाईंकडे प्रमाणपत्र काहीच नाही. स्वतःचं दुकान होतं, ते गेल्या महिन्यात बंद करावं लागलं म्हणाल्या. म्हणून आम्ही जुन्या गिऱ्हाइकांची नावं मागितली. त्यांनी तुमचं एकटीचंच लिहिलंय."

बेबी झाडू भिंतीला टेकवायला गेली. तो सरकून खाली पडला.

"कधी लिहिलं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"माझं नाव. कधी लिहिलं त्यांनी?"

"आत्ताच, मॅडम. इथे बसूनच फॉर्म भरला त्यांनी." मुलगी जरा बुचकळ्यात पडलेली वाटली. "काही अडचण आहे का?"

"नाही. विचारा तुम्ही."

"तुमचे कपडे त्या किती वर्षं शिवत होत्या?"

"एकोणीस."

"सगळेच?"

"सगळे. मी ऑफिसात अंगावर घातलेला प्रत्येक चांगला कपडा ती..." बेबी थांबली. ताईला तिने जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. "त्यांनी शिवलेला होता."

पलीकडे की-बोर्डचा टकटक आवाज आला. "तयार मालाच्या तपासणीची जागा आहे. हाताखाली चाळीस मुली असतील. स्वभाव कसा आहे बाईंचा?"

"तोंडाने फटकळ आहेत. मुलींना रडवतील."

"अच्छा," मुलगी म्हणाली. टकटक थांबली.

"हे लिहू नका," बेबी घाईने म्हणाली. "किंवा लिहा, पण पुढचंही लिहा. वाकडी शिवण त्यांना बघवत नाही. दुसऱ्या कुणी घातलेली असली, त्यांच्याशी तिचा काही संबंध नसला, तरी उसवून नीट करतात. आणि केलं म्हणून सांगायलाही येत नाहीत. असं माणूस तुमच्याकडे आहे का एखादं?"

"नाही, मॅडम," मुलगी पहिल्यांदाच हसली. "असतं तर कशाला जाहिरात दिली असती?"

"मग झालं तर."

"त्यांच्या कामात कधी काही खोट आढळली?"

"त्यांच्या कामात नाही."

टकटक पुन्हा सुरू झाली आणि बराच वेळ चालली. बेबी पलंगाच्या कडेवर बसली. गादीवर ढिगाचा खळगा अजून तसाच होता.

"शेवटचा प्रश्न, मॅडम. हा सगळ्यांनाच विचारावा लागतो. नातेवाइकांची शिफारस आम्ही धरत नाही. मागे एका ठिकाणी फसलोय आम्ही. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात बाईंनी 'गिऱ्हाईक' लिहिलंय. तर अर्जदार तुमच्या कुणी लागतात का?"

बेबीने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. गिऱ्हाईक. ताईचं अक्षर तिला माहीत होतं. मोठं, गोल, कागदावर दाबून काढलेलं. तो शब्द लिहिताना तिने पेन किती दाबलं असेल, आणि ते रागाने दाबलं असेल की गरजेने, हे इथे बसून कळायला मार्ग नव्हता.

"मॅडम? ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"लागतात का कुणी?"

"नाही," बेबी म्हणाली. "नाही. नात्यातल्या नाहीत त्या."

"थँक यू, मॅडम. एवढंच हवं होतं."

मुलीने फोन ठेवला, पण तो नीट बसला नसावा. पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि ती गोड आवाजाची मुलगी कुणाला तरी म्हणाली, "बाई, आत या."